पुणे-दुबई : हिशोब उंबऱ्यापासून मांडा

लोहगाव विमानतळ ते दुबई विमानतळ हे अंतर सरळ रेषेत सुमारे 2,050 किलोमीटर आहे. मुंबईहून तेच सुमारे 1,930. म्हणजे मुंबई 120 किलोमीटरने जवळ. एवढे बघून आपले अनेक व्यापारी बांधव मुंबईचे तिकीट काढतात. परंतु हा हिशोब विमानाचा झाला. व्यापाऱ्याचा हिशोब दुकानाच्या उंबऱ्यापासून सुरू होतो.

आम्ही रविवार पेठेतले कापडवाले तो असा मांडतो. मुंबई विमानतळ गाठायला घाट आणि शहरातली गर्दी धरून चार तास, विमानतळावर तीन तास, आकाशात तीन तास, उतरल्यावर देरा बाजार गाठायला दीड तास. एकूण साडेअकरा तास. लोहगावहून थेट विमान मिळाले तर घरून एक तास, विमानतळावर तीन, आकाशात सव्वातीन आणि पुढे दीड. एकूण पावणेनऊ तास. अंतर जास्त, तरी वेळ कमी! दिल्लीमार्गे स्वस्त तिकीट मिळाले, तर आकाशातलेच अंतर 3,300 किलोमीटरच्या वर जाते.

दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. सकाळी दहाला निघालेला माणूस तिथल्या पावणेबाराला उतरतो आणि त्याच दिवशी बाजार करू शकतो. येताना मात्र तोच दीड तास हातचा जातो. हिवाळ्यात परतीचा प्रवास थोडा लवकर होतो, कारण उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. सरकारी कचेरीत काम असेल तर ध्यानात ठेवावे, 2022 पासून तिथे शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम असते.

आता मालाचे. विमान कंपनी फक्त काट्यावरचे वजन धरत नाही, खोक्याने अडवलेली जागाही मोजते. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 6,000 ने भागतात. काट्यावरचे वजन आणि हा आकडा यांत जो मोठा, त्यावर भाडे. 60 × 50 × 40 च्या खोक्यात जरीकामाचे दुपट्टे 12 किलोच भरले, तरी भाडे 20 किलोचे लागते. कुरिअरवाले बहुधा 5,000 ने भागतात, तेव्हा तेच 24 किलो होते. म्हणून दुपट्टे दाबून, घट्ट बांधून लहान खोक्यात भरावेत. जरीचे काम मोडणार नाही एवढी काळजी मात्र घ्यावी.

हे सारे किरकोळ वाटेल. पण ईदच्या मालाची तारीख चुकली तर गठ्ठे पुढच्या ईदपर्यंत पडून राहतात आणि कारागिराची मजुरी अडकते. सौदा करताना भावाबरोबर माल पोहोचण्याचे तासही कागदावर मांडावेत. तिकिटात वाचलेले हजार रुपये एका चुकलेल्या तारखेत कुठल्या कुठे जातात.