तार आणि पत्र : छोटी पोस्ट व ब्लॉग यांतील फरक

लेखनाचे साधन बदलले की लेखनाची रीतही बदलते. पूर्वी तातडीचा निरोप तारेने जाई आणि सविस्तर हकिगत पत्राने. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून मजकूर तोलूनमापून लिहावा लागे. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. परंतु तार आणि पत्र हा भेद आजच्या मोबाइलवरील लेखनातही शिल्लक आहे. आपले विद्यार्थी दररोज असंख्य छोट्या पोस्ट वाचतात. ब्लॉगकडे त्या मानाने थोडेच वळतात. या दोहोंतील फरक सांगण्याचा प्रयत्न आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरील जाहीर रोजनिशी. 'वेबलॉग' हा शब्द अमेरिकेतील जॉर्न बार्गर यांनी डिसेंबर १९९७ मध्ये योजला. १९९९ मध्ये त्याचा 'ब्लॉग' झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'ब्लॉगर' ही सेवा निघाली आणि संगणकाची भाषा न शिकताही सामान्य माणसाला आपले लेखन प्रसिद्ध करता येऊ लागले. ब्लॉगवर नवा लेख वर व जुने त्याखाली असतात. प्रत्येक लेखाला तारीख आणि स्वतंत्र पत्ता असतो. त्यामुळे अनेक वर्षांपूर्वीचा लेखही नेमका काढून दाखविता येतो.

'ब्लॉगर' काढणाऱ्यांपैकी इव्हान विल्यम्स हे पुढे 'ट्विटर'च्या संस्थापकांतही होते. ट्विटर २००६ मध्ये सुरू झाले, ते एसएमएसवर चालावे अशा बेताने. एका एसएमएसमध्ये रोमन लिपीतील १६० चिन्हे मावतात. त्यांतील २० लिहिणाऱ्याच्या नावासाठी राखून मजकुराला १४० उरली. ही मर्यादा २०१७ मध्ये २८० झाली. २०२३ मध्ये ट्विटरचे नाव 'एक्स' झाले आणि वर्गणीदारांना बरेच लांब लिहिण्याची मुभाही मिळाली. आपल्या लिपीची अडचण आणखी वेगळी आहे. 'विद्यार्थी' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. पण काना, वेलांटी, हलन्त हे सर्व निरनिराळे मोजले जाऊन त्याची १० चिन्हे होतात.

तथापि फरक केवळ लांबीचा नाही. ब्लॉगकडे वाचक बहुधा विषय शोधत येतो. पोस्ट मात्र कंपनीची यंत्रणा निवडून वाचकापुढे ठेवते, आणि ती पुढे पाठविली जाताना मागचापुढचा संदर्भ गळून पडतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, कोणी पोस्ट टाकली : 'शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू. शेवटची तारीख ३१ मार्च.' यात वर्ष नाही, उत्पन्नाची मर्यादा नाही, कोणते दाखले जोडावयाचे तेही नाही. पुढील वर्षी हीच पोस्ट पुन्हा फिरते. एखादा विद्यार्थी नसलेल्या योजनेसाठी दाखल्यांकरिता खेटे घालतो. दुसरा पात्र असूनही मुदत टळली असे समजून घरी बसतो. हीच माहिती ब्लॉगवर सर्व अटींसह देता येते आणि तारीख बदलल्यास तेथेच दुरुस्ती करता येते.

याचा अर्थ छोटी पोस्ट टाकाऊ आहे असे नव्हे. रक्ताची तातडीची गरज, वर्गाची बदललेली वेळ, सभेची सूचना यांसाठी तिच्यासारखे साधन नाही. दुसरीकडे, ब्लॉगही अमर नाही. 'जिओसिटीज' ही जुनी मोफत सेवा अमेरिकेत २००९ मध्ये आणि 'ऑर्कुट' २०१४ मध्ये बंद झाली. म्हणून आपल्या लेखनाची एक प्रत स्वतःजवळ ठेवणे केव्हाही चांगले.

विद्यार्थी मित्रांनो, बातमी द्यावयाची असेल तर पोस्ट लिहा. कारणे द्यावयाची असतील तर सविस्तर लिहा आणि पोस्टमध्ये त्याचा पत्ता द्या. आलेली पोस्ट पुढे पाठविण्यापूर्वी तिच्यातील तारीख, वर्ष व मूळ ठिकाण पाहा. एवढी सवय लागली तरी आपल्यातील एखाद्याचे शैक्षणिक वर्ष वाचेल, असे आम्हांस वाटते.