जुन्या घटमालेची नाडीपरीक्षा

विजेवर चालणारी मोटार अपघातात मोडली, म्हणजे तिची विद्युत्-घटमालाही मोडलीच, असे समजण्याचे कारण नाही. पत्रा चेपतो, चाके वाकतात. परंतु मोटारीच्या तळाशी पोलादी पेटीत बंदिस्त असलेली घटमाला पुष्कळदा शाबूत राहते. तिला सरसकट भंगारात घालणे हा द्रव्याचा अपव्यय होय. उलट, ती न पारखता सौरविजेच्या साठवणीसाठी घरात बसविणे म्हणजे आगीलाच घरात जागा देणे होय. हे दोन्ही टाळावयाचे, तर तिची प्रकृती आधी तपासली पाहिजे. ही तपासणी कशी होते, ते एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहू.

जपानमधील निसान कंपनीची ‘लीफ’ ही मोटार २०१० साली विक्रीस आली. तिच्या पहिल्या घटमालेत २४ किलोवॅट-तास वीज साठत असे. या घटमालेत ४८ डबे असून प्रत्येकात लिथियम-आयन जातीचे चार चपटे घट असतात. म्हणजे एकूण घट १९२. दोन-दोन घट समांतर जोडून ९६ जोड्या केलेल्या असतात व त्या जोड्या एकीपुढे एक अशा एकसरीत गुंफलेल्या असतात. प्रत्येक जोडीचा विद्युद्दाब सरासरी पावणेचार व्होल्ट धरला, तर साऱ्या मालेचा दाब ३६० व्होल्ट होतो.

पेटीतच एक छोटा संगणक बसविलेला असतो. त्याला नियंत्रक म्हणू. तो प्रत्येक जोडीचा दाब आणि पेटीतील निरनिराळ्या ठिकाणचे तापमान अखंड मोजत असतो. मोटारीतील असे अनेक नियंत्रक दोन तारांच्या एका जोडीवरून परस्परांशी बोलतात. ‘कॅन’ नावाची ही संदेशपद्धती जर्मनीतील बॉश कंपनीने १९८६ साली जाहीर केली. घटमाला मोटारीबाहेर काढलेली असली, तरी नियंत्रकाला १२ व्होल्टची वीज पुरवून या दोन तारांना संगणक जोडला, की त्याला प्रश्न विचारता येतात. पेटीचे झाकण उघडण्याचीही गरज पडत नाही.

उत्तर मात्र शब्दांत येत नाही, अंकांत येते. एका संदेशात जास्तीत जास्त आठ अंक मावतात आणि प्रत्येक अंक शून्य ते २५५ यांपैकी असतो. एका जोडीचा दाब दोन अंकांत सांगितला जातो. समजा, १५ आणि १६० हे अंक आले. पहिल्याला २५६ ने गुणून त्यात दुसरा मिळवावा: १५ × २५६ + १६० = ४०००. हे झाले मिलिव्होल्ट. म्हणजेच त्या जोडीचा दाब चार व्होल्ट आहे. ९६ जोड्यांचे १९२ अंक अशा रीतीने तुकड्यातुकड्यांनी येतात व ते क्रमाने जुळवून घ्यावे लागतात.

आता खरी परीक्षा सुरू होते. सर्व जोड्या ३.९० व्होल्टच्या असतील, तर बेरीज सुमारे ३७४ व्होल्ट भरेल. त्यांतील एक जोडी अर्ध्या व्होल्टने खाली असली, तरी बेरजेत तो फरक सहज लपून जातो. म्हणून बेरजेवर विसंबू नये. प्रत्येक आकडा स्वतंत्र वाचावा. एवढ्यानेही भागत नाही. विश्रांतीत असताना दुबळा घटही इतरांसारखाच धडधाकट दिसू शकतो. बैल कसा आहे, हे गोठ्यात कळत नाही. गाडी चढावर लागली, की कळते. समजा, १०० अँपियर प्रवाह काढला असता बाकीच्या जोड्या ३.९० वरून ३.७५ वर आल्या आणि एकच ३.४० वर घसरली. ओहमच्या नियमाने भागाकार केला, तर इतरांचा अंतर्गत रोध ०.००१५ ओहम आणि तिचा ०.००५ ओहम, म्हणजे तिपटीहून अधिक निघतो. दोष तेथे आहे.

एका जोडीचे एवढे महत्त्व का? एकसरीतील सर्व जोड्यांतून सारखाच प्रवाह वाहतो. दुबळी जोडी आधी रिकामी होते आणि इतरांचा प्रवाह तिला आणखी उपसतो; भरताना तीच आधी भरते आणि मर्यादेबाहेर जाऊन तापू लागते. हा धोका टाळण्यासाठी नियंत्रक सारी मालाच थांबवितो. ९५ जोड्यांतील उरलेली वीज मग असून नसल्यासारखी होते.

नियंत्रक घटमालेच्या प्रकृतीचा एक शेकडेवारी आकडाही देतो. पण ते मोजमाप नव्हे, अनुमान होय. दुसऱ्या घटमालेचा नियंत्रक बसविला असेल, तर तो आकडा त्या दुसरीचीच कथा सांगेल. म्हणून माला पूर्ण भरून, सावकाश रिकामी करून, बाहेर आलेली वीज स्वतंत्रपणे मोजावी आणि मगच त्या आकड्यावर विश्वास ठेवावा.

येथे एक इशारा आवश्यक आहे. पेटीच्या मध्यावरील सुरक्षा-खीळ काढली, म्हणजे माला दुभंगते. परंतु प्रत्येक अर्ध्यात सुमारे १८० व्होल्ट उरतातच, आणि तेवढे प्राण घेण्यास पुरेसे आहेत. पेटी उघडणे हे शिक्षण घेतलेल्या तंत्रज्ञाचेच काम आहे. विद्यार्थ्यांनी त्यात हात घालू नये.

अशी पारख करून निवडलेल्या घटमालांना दुसरे आयुष्य लाभते. जपानमधील फुकुशिमा प्रांतात नामिए येथे जुन्या घटमाला पारखून पुन्हा उपयोगात आणणारा कारखाना २०१८ साली सुरू झाला. त्याच वर्षी नेदरलंड्समधील ॲम्स्टरडॅमच्या योहान क्रायफ क्रीडागारात लीफच्या नव्या आणि वापरलेल्या घटमालांचे एक मोठे वीजभांडार कार्यान्वित झाले. एके काळी रस्त्यावर धावलेली वीजपेटी तेथे दिव्यांच्या कामी आली. आपल्याकडेही विजेच्या मोटारी वाढत आहेत. त्यांच्या घटमाला उद्या जुन्या होतील. त्या वेळी हे आकडे धीराने, एकेक करून वाचणारी माणसे लागतील. त्यासाठी लागणारे गणित आणि ओहमचा नियम आपल्या शालेय पाठ्यपुस्तकांतच आहेत.