जागा आहे, पण मिळत नाही : पार्टिशन लहान करताना अडवणाऱ्या फाइल्स

मागच्या वेळी लिनक्स कसं बसवायचं ते पाहिलं. त्यानंतर बहुतेकांचा एकच प्रश्न आला : ‘सी ड्राइव्हवर ३०० जीबी रिकामी आहे, मग विंडोज मला जेमतेम ५ जीबीच का कापू देतं?’ काही जण तर वैतागून अख्खी डिस्क फॉरमॅट करायला निघाले होते. थांबा. आधी कारण समजून घेऊ.

हे सभागृहच घ्या. निम्म्या खुर्च्या रिकाम्या आहेत. मागच्या दहा रांगा पडदा टाकून बंद करायच्या आहेत. मागे बसलेल्यांना पुढे या म्हटलं, की ते येतील. पण शेवटच्या रांगेत प्रोजेक्टर चालवणारा बसलाय. कार्यक्रम चालू असताना त्याला उठवता येत नाही, आणि पडदा त्याच्या मागेच टाकावा लागतो.

विंडोज पार्टिशन शेवटाकडूनच कापतं. त्यामुळे एकूण किती जागा रिकामी आहे, याला फारसं महत्त्व नाही. हलवता न येणारी शेवटची फाइल कुठे बसली आहे, हे महत्त्वाचं. साध्या फाइल्स विंडोज स्वतःच पुढे सरकवतं. अडतं ते कामात असलेल्या फाइल्सपाशी.

अशा नेहमीच्या फाइल्स तीन. पेजफाइल, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची जागा. हायबरफिल, म्हणजे हायबरनेट करताना मेमरी जिथे उतरवून ठेवतात ती. आणि रिस्टोअर पॉइंट्स.

पण अंदाजाने तिन्ही उडवू नका. नाव विचारा. आधी श्रिंक व्हॉल्यूम करून बघा, मग इव्हेंट व्ह्यूअर उघडा. विंडोज लॉग्जमध्ये ॲप्लिकेशन, आणि त्यात २५९ क्रमांकाची नोंद शोधा. जागा अडवणाऱ्या शेवटच्या फाइलचं नाव तिथे चक्क लिहिलेलं असतं.

पेजफाइल असेल तर व्हर्च्युअल मेमरीच्या सेटिंगमध्ये ‘नो पेजिंग फाइल’ निवडून मशीन रीस्टार्ट करा. हायबरफिल असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ’ ही आज्ञा द्या. ती फाइलच निघून जाते. रिस्टोअर पॉइंट असतील तर सिस्टिम प्रोटेक्शन बंद करावं लागतं. इथे मात्र सावध राहा, कारण जुने रिस्टोअर पॉइंट पुसले जातात. मागे फिरायची वाट आपण स्वतःच बंद करतो. म्हणून घरचे फोटो, कागदपत्रं यांची प्रत आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या. ही पायरी कोणीही गाळू नये.

आता पुन्हा श्रिंक करा. कधी कधी लगेच दुसरी फाइल आडवी येते. पुन्हा २५९ बघा. काम झालं की बंद केलेलं सगळं परत चालू करायला विसरू नका.

नाव ‘डॉलर एमएफटी’ असं आलं तर? ती फाइल सिस्टिमची स्वतःची नोंदवही आहे, ती काढून टाकता येत नाही. मग कार्यक्रम संपल्यावर खुर्ची हलवायची, म्हणजे विंडोज बंद ठेवून. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून जीपार्टेडने पार्टिशन लहान करता येतं, कारण तेव्हा विंडोजच्या कुठल्याच फाइल वापरात नसतात. मात्र त्याआधी हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप बंद करून विंडोज पूर्ण शटडाउन करा. ड्राइव्हवर बिटलॉकर असेल, तर हा मार्ग तसाच धरू नका. रिकव्हरी की हाताशी ठेवून आधी एन्क्रिप्शन काढावं लागेल. आणि जीपार्टेड चालू असताना लॅपटॉपचा चार्जर लावलेलाच असू द्या. मध्येच वीज गेली तर डेटा जाऊ शकतो.

नंतर विंडोज पहिल्यांदा सुरू होताना डिस्क तपासायला घेईल. घाबरू नका, ते पूर्ण होऊ द्या.

तेव्हा फॉरमॅटकडे जाण्याआधी एवढंच विचारायचं : शेवटच्या रांगेत बसलंय कोण?