सोळातला एक श्वास

भाचीचं डोकं रोज दुपारी तीनच्या सुमाराला चढतं. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसून ती राज्यसेवेची तयारी करते. घरात कुणी चष्म्याला दोष दिला, कुणी मेसच्या जेवणाला. ती मात्र सहज म्हणाली, "मावशी, तीन वाजले की आमच्याकडे सगळेच बाम काढतात." सगळ्यांची डोकी एकाच वेळी कशी चढतील, हे काही माझ्या मनातून जाईना. एका डॉक्टर मैत्रिणीनं कोविडच्या काळात कार्बन डायऑक्साइड मोजणारं, खिशात मावेल एवढं यंत्र घेतलं होतं. ते मागून आणलं, बॅगेच्या पट्ट्याला अडकवलं आणि निघाले.

"गळ्यात घालू नकोस," असं तिनं बजावलं होतं. आपल्या उच्छ्वासात हा वायू साधारण ४ टक्के असतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४०,०००. तोंडाजवळ टांगलं की यंत्र आपलाच श्वास मोजत बसतं. मोकळ्या हवेत आकडा सव्वाचारशेच्या आसपास असतो. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथे मोजणी सुरू केली तेव्हा तो ३१५ च्या घरात होता. टिळक रस्त्यावर रिक्षा सिग्नलला थांबली, पुढच्या टेम्पोनं काळा धूर सोडला, माझे डोळे चुरचुरले. यंत्र मात्र साडेचारशेवर निवांत. धूर, धूळ त्याच्या गावीच नसते. हे लक्षात न ठेवता ते बाळगणाऱ्या माणसाला पुण्यातला कुठलाही चौक स्वच्छ वाटेल.

अभ्यासिका म्हणजे तळमजल्यावरचं पूर्वीचं गोदाम. प्लायवुडचे कप्पे, प्रत्येकाला एक दिवा, एक चार्जिंग पॉइंट, एक नंबर. दारावर पाटी: 'एसी चालू आहे, दार बंद ठेवावे.' आत पाऊल टाकलं आणि वास आला. बाम, मोजे, डब्यातली लसणाची चटणी, आणि या सगळ्याखाली आणखी एक कोमट, शिळा वास. तो नेमका कशाचा ते सांगता येईना, पण पुढचे अनेक दिवस तो नाकातून गेला नाही.

देखरेखीला एक काका आहेत, भोरकडचे. झाडणं, पाणी भरणं, फीच्या पावत्या, एसीचा रिमोट, सगळं त्यांच्याकडे. "साठ खुर्च्या हायेत ताई," ते पहिल्याच मिनिटाला म्हणाले, "आन् साठ बी भरलेल्या." आवाजात अभिमान होता.

यंत्राच्या आत एक इवला दिवा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो. कार्बन डायऑक्साइड त्यातली ठरावीक लांबीची लहर शोषून घेतो, आणि किती शोषली गेली त्यावरून आकडा निघतो. १,८०० दिसला. मग २,३००. जेवून आलेली मुलं परत जागेवर बसली, दार लागलं आणि तीनच्या सुमाराला आकडा २,९०० पाशी थांबला. बाहेरचे सव्वाचारशे वजा केले आणि उच्छ्वासातल्या ४०,००० नी भागलं, तर उत्तर येतं एक सोळांश. त्या हॉलमध्ये घेतलेल्या सोळा श्वासांतला एक आधीच कुणाच्या तरी छातीतून फिरून आलेला होता. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नकळत रुमाल नाकाला लावला.

साठ खुर्च्या. बसून वाचणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. साठ जणांचा हजार लिटरच्या वर जातो. त्याला जायला वाट कुठे? भिंतीवरचे दोन स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाहीत. आतलीच ओढतात, गार करतात आणि परत फेकतात. गार हवा ती ताजी हवा, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की काकांनाच काय, दोन इंजिनिअर मुलांनाही ते पटायला वेळ लागला.

म्युनिकच्या माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच राहत्या खोलीसाठी १,००० ची मर्यादा सुचवली होती. त्यांना या वायूची भीती नव्हती. माणसांनी हवा किती वापरून टाकली आहे, याची ती खूण होती. याच वायूमुळे डोकं चालेनासं होतं का, यावर आजही एकमत नाही. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या २०१२ च्या प्रयोगात १,००० आणि २,५०० ला निर्णयक्षमता घसरलेली दिसली. पुढे पाणबुडीवरच्या नौसैनिकांना याहून कितीतरी जास्त प्रमाणात ठेवलं, तर काही फरक पडला नाही. तेव्हा भाचीच्या डोकेदुखीचा गुन्हेगार सापडला असं मी म्हणणार नाही. मला काळजी वाटते ती उसन्या श्वासाची. तैवानमधल्या एका विद्यापीठात क्षयाची साथ पसरली, तेव्हा कोंदट वर्गांतला आकडा तीन हजारांच्या वर गेला होता. हवा खेळती करून तो हजाराखाली आणला आणि साथ आटोक्यात आली. क्षय आपल्याकडे तैवानहून फार जास्त, आणि माझ्यासमोर २,९००.

चारला काकांनी दत्ताच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली. एका मुलाकडे ऑनलाइन घेतलेलं स्वस्तातलं यंत्र होतं, ते एकदम ५,००० वर उडालं. माझं जागचं हललं नाही. स्वस्तातली बरीचशी यंत्रं हा वायू मोजतच नाहीत. हवेतली इतर रसायनं हुंगून अंदाज बांधतात. उदबत्ती, अत्तर, सॅनिटायझर, कशानंही फसतात.

मागच्या भिंतीत एक्झॉस्ट पंखा होता. कबुतरं येतात म्हणून पुठ्ठा लावून बंद केलेला. काकांनी मालकांना फोन लावला, "बिल वाढलं तर तुझ्या पगारातून," असं ऐकून घेतलं, हसले आणि पुठ्ठा काढला. दार उघडं राहावं म्हणून त्याखाली वर्तमानपत्राची घडी सारली. अर्ध्या-पाऊण तासात आकडा १,३०० वर आला. लगेच दाराजवळची मुलं कुरकुरली: हॉर्न ऐकू येतात, संध्याकाळी डास येतील. मागचा एक जण उठून माझ्या बॅगेपाशी आला आणि म्हणाला, "दोन हजारांच्या वर गेलं की सांगा मॅडम, मी वाचन थांबवतो." हे मला नको होतं. यंत्र बॅगेत टाकलं.

काकांना तर त्याचं कौतुक नव्हतंच. "वास आला की दार उघडायचं. त्याला मशीन कशाला?" हे वाटतं तितकं भाबडं नाही. आत बसलेल्यांना तो वास दहा-पंधरा मिनिटांत येईनासा होतो. काका दिवसभर आत-बाहेर करतात, म्हणून त्यांना दर वेळी येतो. हार्वर्डच्या कॉन्स्टन्टिन याग्लू यांनी १९३६ मध्ये खोलीतल्या हवेची परीक्षा अशीच केली होती. मोकळ्या हवेतून आलेल्या माणसांना आत पाठवायचं आणि वास किती येतो ते विचारायचं. फरक इतकाच, की त्या परीक्षकांच्या पगारातून विजेचं बिल कापायची धमकी कुणी देत नव्हतं.

आता काका तासाला दहा मिनिटं दार उघडतात. पंखा दिवसभर चालतो, डासांच्या वेळेला बंद. भाचीनं दाराजवळची जागा मागून घेतली. हॉर्नच्या त्रासामुळे ती जागा कुणाला नकोच होती. परवा फीची पावती घ्यायला गेले तर काका लॉकरची रांग भिंतीपासून ओढत होते. मालकांना तिथे आणखी दहा खुर्च्या बसवायच्या आहेत.