क्लाउडमध्ये वाट चुकते तेव्हा : आभासी नेटवर्कमधील मार्गदोष कसा शोधला जातो?

२५ जानेवारी २०२३ रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी साडेबाराच्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या टीम्स, आउटलुक आणि अ‍ॅझ्युर या सेवा जगाच्या अनेक भागांत विस्कळीत झाल्या. भारतात ती ऐन कामकाजाची वेळ होती. कोठे केबल तुटली नव्हती की सर्व्हर जळाला नव्हता. कंपनीने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, तिच्या जागतिक नेटवर्कमधील एका राउटरचा पत्ता बदलण्यासाठी दिलेल्या आज्ञेमुळे नेटवर्कमधील इतर राउटरना संदेश गेले आणि त्या सर्वांनी आपापले मार्ग नव्याने ठरवण्यास सुरुवात केली. तेवढ्या काळात त्यांना माहिती योग्य ठिकाणी पोहोचवता आली नाही.

एवढ्या मोठ्या प्रमाणावर असा प्रसंग क्वचितच घडतो. मात्र त्याच जातीचे लहान बिघाड क्लाउड वापरणाऱ्या संस्थांना नेहमीच भेडसावतात. बँकांचे व्यवहार, रुग्णालयांच्या नोंदी, परीक्षांचे निकाल आणि सरकारी दाखले आज मोठ्या प्रमाणावर क्लाउडवरून चालतात. केंद्र सरकारच्या ‘मेघराज’ उपक्रमांतर्गत राष्ट्रीय क्लाउड २०१४ मध्ये सुरू झाला. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, चेन्नई आणि मुंबई येथे, अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली क्लाउड केंद्रे सुरू केली. या सेवांमधील एखादा सर्व्हर ‘चालू आहे, पण पोहोचता येत नाही’ अशा अवस्थेत गेला, तर दोष अनेकदा यंत्रात नसतो. तो वाट दाखवणाऱ्या नियमांत असतो.

वाट दाखवणारा तक्ता

क्लाउडमधील आभासी नेटवर्क म्हणजे सेवा पुरवठादाराच्या प्रचंड यंत्रणेत एखाद्या ग्राहकासाठी आखून दिलेला स्वतंत्र कप्पा. त्यात प्रत्येक यंत्राला क्रमांकरूपी आयपी पत्ता असतो. माहितीचे लहान तुकडे, म्हणजे पॅकेट, कोणत्या पत्त्याकडे कोणत्या वाटेने जायचे हे राउट टेबल नावाच्या तक्त्यावरून ठरते. प्रत्येक ओळीत दोन गोष्टी असतात : पत्त्यांचा गट आणि त्या गटासाठीचा पुढचा थांबा. हा थांबा दुसरे नेटवर्क, फायरवॉल, कार्यालयाशी जोडणारा गेटवे किंवा इंटरनेट यांपैकी काहीही असू शकतो.

पत्त्यांचा गट तिरप्या रेघेने लिहितात. १०.१.०.०/१६ या गटात ६५,५३६ पत्ते येतात, तर १०.१.५.०/२४ या गटात २५६. रेघेनंतरचा आकडा जितका मोठा, तितका गट लहान आणि नेमका. ०.०.०.०/० याचा अर्थ ‘उरलेले सर्व पत्ते’ असा होतो.

एखादा पत्ता एकाच वेळी दोन ओळींत बसत असेल, तर अधिक नेमकी ओळ निवडली जाते. या नियमाची ताकद २४ फेब्रुवारी २००८ रोजी जगाने पाहिली. पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्याच्या आदेशानंतर तेथील दूरसंचार कंपनीने यूट्यूबच्या २५६ पत्त्यांचा मार्ग आपल्याकडे वळवला आणि ही घोषणा देशाबाहेर पसरली. यूट्यूबची स्वतःची घोषणा १,०२४ पत्त्यांच्या मोठ्या गटाची होती. लहान गट अधिक नेमका ठरल्याने जगभरातील राउटरनी तीच वाट धरली आणि सुमारे दोन तास ही सेवा अनेक देशांत मिळेनाशी झाली. यूट्यूबने त्याहूनही लहान गट घोषित करून वाहतूक परत आपल्याकडे आणली.

क्लाउडमध्ये हाच नियम लागू होतो. कोणी चाचणीसाठी लहान गटाची एक ओळ टाकली आणि ती काढायची राहिली, तर मुख्य मार्ग बरोबर असूनही तेवढ्या यंत्रांची वाहतूक भलतीकडे जाते. दोन ओळींचे गट अगदी सारखे असतील, तर पुरवठादाराचा प्राधान्यक्रम कामी येतो. अ‍ॅझ्युरमध्ये ग्राहकाने स्वतः लिहिलेला मार्ग आधी, गेटवेकडून कळलेला मार्ग नंतर आणि मूळचा मार्ग शेवटी, असा सर्वसाधारण क्रम आहे.

आधी लक्षण ओळखावे

शोधाची सुरुवात लक्षणापासून होते. ‘जोडणी नाकारली’ असा संदेश तत्काळ आला, तर बहुतेक वेळा पॅकेट यंत्रापर्यंत पोहोचून उत्तरही परत आलेले असते. म्हणजे वाट ठीक आहे आणि दोष त्या यंत्रावरील सेवेत आहे. काहीच उत्तर न येता वेळ संपत असेल, तर वाट चुकलेली असते किंवा एखादी फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकून देत असते. नावाने जोडणी होत नाही, परंतु थेट आयपी पत्त्याने होते, अशा वेळी दोष मार्गाचा नसून नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसचा असतो.

पिंग या परिचित चाचणीवर येथे पूर्ण विसंबता येत नाही. अनेक ठिकाणी सुरक्षेसाठी पिंगला उत्तर देणे बंद ठेवलेले असते. वाटेतील थांबे दाखवणारी ट्रेसराउट ही चाचणीही अपुरी पडते, कारण आभासी नेटवर्कमधील राउटर हे प्रत्यक्ष यंत्र नसल्याने त्याचे थांबे बहुधा दिसतच नाहीत.

लिहिलेला तक्ता आणि लागू असलेला तक्ता

प्रशासकाने लिहिलेला तक्ता आणि यंत्राला प्रत्यक्षात लागू असलेला तक्ता यांत फरक असू शकतो. लिहिलेला तक्ता योग्य उपविभागाशी जोडायचाच राहून गेला, तर तो कितीही अचूक असला तरी निरुपयोगी ठरतो. म्हणून अ‍ॅझ्युरमध्ये यंत्राच्या नेटवर्क कार्डावरील ‘इफेक्टिव्ह राउट्स’ पाहिले जातात. त्यासाठी ते यंत्र चालू असावे लागते. ‘नेक्स्ट हॉप’ ही सुविधा एखाद्या पत्त्यासाठी पुढचा थांबा कोणता ते सांगते. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये ‘रीचॅबिलिटी अ‍ॅनालायझर’ प्रत्यक्ष पॅकेट न पाठवता केवळ मांडणी तपासून वाट कोठे खुंटते ते दाखवतो. गूगलकडे ‘कनेक्टिव्हिटी टेस्ट्स’ आहेत. अ‍ॅमेझॉनच्या तक्त्यात एखाद्या ओळीपुढे ‘ब्लॅकहोल’ असे दिसले, तर त्या वाटेचा पुढचा थांबाच काढून टाकला गेला आहे किंवा उपलब्ध नाही, असे समजावे.

परतीची वाट

सर्वाधिक गोंधळ परतीच्या वाटेमुळे होतो. समजा, एका सहकारी बँकेचे खातेनोंदीचे अ‍ॅप एका नेटवर्कमध्ये आणि डेटाबेस दुसऱ्या नेटवर्कमध्ये आहे. दोन्ही नेटवर्क थेट जोडलेली आहेत. सुरक्षेसाठी बँकेने अ‍ॅपकडून निघणारी वाहतूक मधल्या फायरवॉलमार्फत वळवली, पण डेटाबेसच्या बाजूचा तक्ता तसाच ठेवला. आता विनंती फायरवॉलमधून जाते आणि उत्तर थेट परत येते. फायरवॉलला संवादाची सुरुवात दिसते, उत्तर दिसत नाही. पुढचे पॅकेट आल्यावर ते अर्धवट संवादाचा भाग वाटल्याने ती ते अडवते. दोन्ही तक्ते वेगवेगळे वाचले तर निर्दोष दिसतात; एकत्र वाचल्यावरच विसंगती उघड होते. म्हणून मार्ग तपासताना जाण्याची आणि येण्याची, अशा दोन्ही दिशा पाहणे अनिवार्य ठरते.

फायरवॉलचे काम करणाऱ्या आभासी यंत्राला इतरांची पॅकेट पुढे पाठवण्याची परवानगीही द्यावी लागते. अ‍ॅझ्युरमध्ये त्यासाठी आयपी फॉरवर्डिंग सुरू करावे लागते, तर अ‍ॅमेझॉनमध्ये स्रोत व गंतव्य पत्त्यांची पडताळणी बंद करावी लागते. ही एक खूण राहिली, तर तक्ते बरोबर असूनही वाहतूक तेथेच थांबते.

पायाभरणीतील चुका

काही दोष तक्त्यात दिसत नाहीत, कारण ते नियोजनाच्या वेळीच शिरलेले असतात. अंतर्गत वापरासाठी तीन पत्तेगट १९९४ मध्ये राखून ठेवण्यात आले. त्यांतील १० या अंकाने सुरू होणाऱ्या गटातच १,६७,७७,२१६ पत्ते आहेत. तरीही अनेक संस्था सवयीने १०.०.०.०/१६ हाच गट निवडतात. पुढे दोन संस्थांचे विलीनीकरण झाले की दोन्हीकडे तेच पत्ते आढळतात. एकच पत्ता दोन ठिकाणी असेल, तर त्याची वाट ठरवणे शक्य होत नाही. अशी नेटवर्क पुरवठादार थेट जोडूही देत नाहीत.

दुसरा गैरसमज जोडणीच्या स्वरूपाविषयी आहे. ‘अ’ नेटवर्क ‘ब’शी आणि ‘ब’ नेटवर्क ‘क’शी जोडले, म्हणून ‘अ’ आपोआप ‘क’पर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी स्वतंत्र जोडणी किंवा मधल्या केंद्रावर वाहतूक पुढे पाठवणारी व्यवस्था लागते.

घाईतील उपायांचा धोका

सेवा बंद पडली असताना सर्व फायरवॉल नियम खुले करण्याचा किंवा ‘उरलेले सर्व पत्ते’ एका दिशेला वळवण्याचा मोह होतो. पहिल्या उपायाने ग्राहकांची माहिती उघडी पडू शकते. दुसऱ्याने दुरुस्तीची वाटच बंद होऊ शकते : प्रशासक ज्या इंटरनेट जोडणीतून यंत्रावर काम करत असतो, तिचीही उत्तरे नव्या वाटेने जाऊ लागतात आणि त्याचा संपर्क तुटतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या सेवा सुमारे सहा तास बंद राहिल्या, तेव्हा दुरुस्तीसाठी लागणारी कंपनीची अंतर्गत साधनेही त्याच नेटवर्कवर अवलंबून असल्याने निकामी झाली होती आणि अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा केंद्रांत जावे लागले होते.

त्यामुळे कामाचा क्रम साधा ठेवणे हिताचे ठरते. स्रोत, गंतव्य आणि पोर्ट लिहून घ्यावे. शेवटचा बदल कोणता झाला ते पाहावे. दोन्ही टोकांचे लागू असलेले तक्ते वाचावेत. त्यानंतर फायरवॉलचे नियम आणि वाहतुकीच्या नोंदी तपासाव्यात. बदल एका वेळी एकच करावा आणि तो मागे घेण्याची तजवीज आधी ठेवावी. प्रत्येक ओळ कोणी, कधी आणि कशासाठी लिहिली याची नोंद असेल, तर पुढच्या बिघाडाच्या वेळी तक्ता वाचणाऱ्याचे निम्मे काम आधीच झालेले असते.