बक्षिसाची बचत की व्याजाची?

ब्रिटनमध्ये सरकारने १९५६ साली प्रीमियम बाँड विक्रीस काढले. पहिली सोडत जून १९५७ मध्ये झाली. त्यांत मुद्दल सुरक्षित राहते. परंतु सर्वांच्या व्याजाची बक्षिसे होऊन ती सोडतीत निघालेल्यांनाच मिळतात.

समजा, हजार शेतकऱ्यांनी प्रत्येकी १,००० रुपये ठेवले. दरसाल ४ टक्क्यांनी एकूण व्याज ४०,००० रुपये होईल. साध्या खात्यात प्रत्येकास ४० रुपये निश्चित मिळतील. त्याच रकमेतून ४० जणांस हजार-हजाराचे बक्षीस दिल्यास उरलेल्या ९६० जणांस काहीच मिळणार नाही.

ज्याच्या हाती पैसा टिकत नाही, त्यास अशी योजना बचतीची गोडी लावील. मात्र पेरणीच्या बी-खताचा पैसा दैवावर सोपवू नये. तो व्याजाच्या खात्यातच ठेवावा.