पेठेतील जुनी दुकाने : एक न वाचलेली खतावणी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने कीर्द-खतावणीपलीकडे पाहू नये, असा एक समज आहे. पण खानापूरच्या पेठेतून रोज जाता-येता मला वाटू लागले, की इथली जुनी दुकाने हीच एक खतावणी आहे. ती वाचायला मात्र शिकले पाहिजे.

अशा दुकानाची दर्शनी बाजू अरुंद, पण आत जागा खोलवर. रस्त्यालगतची जागा मोलाची, म्हणून इमारत मागे वाढत गेली. पुढे ओटा, आत गादी, त्यामागे वखार, माडीवर बिऱ्हाड आणि शेवटी परसदार. ओट्याची उंचीही उगाच नाही. बैलगाडीतले पोते हमालाला फार न वाकता ओट्यावर उतरवता येई, आणि पावसाळ्यात रस्त्याचे पाणी मालापर्यंत पोचत नसे.

भिंती जांभ्या दगडाच्या, खांब व तुळया सागवानी. दोन्ही याच मुलखातले. नळीच्या कौलांचे छप्पर दरवर्षी शाकारावे लागे. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत अडकणारी ही चपटी कौले पुढे सर्वत्र पसरली आणि शाकारणीचा त्रास पुष्कळ कमी झाला.

दुकान बंद करायचे ते फळ्यांनी. चौकटीच्या खाचेत एकेक फळी सरकवायची. क्रम चुकला, तर शेवटची बसत नाही. म्हणून फळ्यांवर आकडे कोरलेले असतात. माझे वडील जिथे दिवाणजी आहेत, तिथले आकडे मराठी. शेजारच्या दुकानाचे कानडी. दोन्ही आकडे मी शाळेआधी या फळ्यांवरच शिकलो.

आता आमच्या दुकानाची इमारत पाडून काँक्रीटचे गाळे काढायचे जागामालकांनी ठरवले आहे. मी हिशेब मांडून पाहिला. जुन्या भाड्यात डागडुजीचाही खर्च निघत नाही. तेव्हा त्यांचे चुकले, असे मला म्हणता येत नाही. पण बाजारच्या दिवशी त्या ओट्यावर खेड्यातली माणसे भाकरी सोडून बसतात, भाजीवाल्या पावसात आडोसा घेतात. ती रक्कम कोणत्या खात्यावर लिहायची, हे आम्हांला कोणी शिकवलेले नाही.

सगळीच दुकाने वाचणार नाहीत. निदान पाडण्यापूर्वी त्यांची मोजमापे, चित्रे आणि फळ्यांवरचे आकडे तरी टिपून ठेवावेत. हे काम आपल्या महाविद्यालयाच्या मराठी आणि कन्नड विभागांनी मिळून हाती घ्यावे. आकडे दोन्ही लिपींत आहेत. एकट्याला ते पुरते वाचता येणार नाहीत.